शालीखालची बोटं

दर गुरुवारी तालुक्याच्या कोर्टापेक्षा कोर्टामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जास्त गर्दी असायची. कोर्टात लोक तारीख घ्यायला यायचे, शेडमध्ये निकाल घ्यायला. निकाल द्यायचे पाटीवाले महाराज. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. महाराजांच्या डोळ्यांवर काळी पट्टी, तोंडाला मौन आणि कानात कापसाचे बोळे, त्यावर मेण. हे मेण गर्दीतल्याच एखाद्या शंकेखोराला पुढं बोलावून त्याच्याच हातानं भरून घ्यायची पद्धत होती, म्हणजे मागाहून कुणी तोंड उघडायला नको.

अशी सगळी दारं लावून बसलेल्या महाराजांना समोरच्या माणसाचं सगळं दिसायचं. पट्टशिष्य वैजनाथ एका हातात भक्ताचा हात धरायचा, दुसऱ्या हातात महाराजांचा डावा हात घ्यायचा आणि वरून भगवी शाल पांघरायचा. मग मान वर करून पत्र्याकडं बघत मोठमोठ्यानं नामस्मरण. भक्ताच्या मनातली लहर शालीखालून महाराजांकडं जायची म्हणे. थोड्या वेळानं महाराज उजव्या हातानं मांडीवरच्या पाटीवर खडूनं लिहायचे: 'जमीन. तीन भाऊ. धाकटा आडवा. निकाल तुझा.' समोरचा माणूस तिथंच लोटांगण घालायचा, कारण भाऊ खरंच तीन असायचे. आता तीन भावांत एक जण आडवा असतोच, त्याला अंतर्ज्ञान कशाला लागतं? बरं, तो आडवा धाकटाही आदल्या गुरुवारी येऊन गेलेला असायचा आणि त्याच्याही पाटीवर 'निकाल तुझा' असंच असायचं. पण भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे ही गोष्ट कधी उघडी पडली नाही. महाराजांचा सगळा संसार या अबोल्यावर चालला होता.

"ही लहर हाय मंडळी," वैजनाथ सांगायचा, "ईज जशी तारंतून येती तशी. तारंत शंका शिरली की फ्यूज उडतो. मंग महाराजांना बोल लावू नका." फ्यूज उडालेली माणसं मान खाली घालून घरी जायची आणि पुढच्या गुरुवारी जास्त श्रद्धा घेऊन यायची.

सरकारी वकील राजनंदिनी या शेडवरून रोज जायची. तिला हसू यायचं, पण थांबून हसायला सवड नव्हती. सरकारी वकिलाचा निम्मा जन्म साक्षीदारांची वाट बघण्यात जातो आणि उरलेला, आलेला साक्षीदार फितूर होऊ नये म्हणून देवाला नाही तर पोलिसांना हात जोडण्यात. सकाळी बोर्डावर खटल्यांची रांग लागलेली असायची. कुठं पंच गावाला गेलेला, कुठं जखमीच आरोपीच्या गाडीवरून कोर्टात आलेला. शिपायानं पुकारा केला की काळा कोट सावरत उभं राहायचं आणि ज्याचं डोकं फुटलं त्याच्याच तोंडून 'मी पाय घसरून पडलो' हे ऐकून घ्यायचं. हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. साळूबाईचं मात्र पडेना.

साळूबाई ही समर्थची आई. समर्थ तिचा एकुलता एक मुलगा, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवायचा. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरणारे दोघं त्याला सापडले होते आणि 'मी पोलिसांत सांगणार' असं तो चारचौघांत बोलून बसला. त्यानंतर तो घरी आलाच नाही. काही महिन्यांनी पाटाजवळच्या एका पडक्या विहिरीत हाडं सापडली. पाण्यात राहून नमुना खराब झाल्यामुळे डीएनए चाचणीतून काही निघालं नाही. हाडांबरोबर एक करदोटा मिळाला होता. काळ्या दोऱ्याचा, घरी वळलेला, त्यात आजीच्या वेळचा भोकाचा तांब्याचा पैसा ओवलेला. साळूबाईनं तो पाहिला आणि पोलिसांसमोर जमिनीवर डोकं आपटून घेतलं. करदोटा तिनंच वळला होता. समर्थला त्या दोघांबरोबर जाताना पाहिलेले लोक होते, पण विहिरीतला माणूस समर्थच, हे सांगणारी ती एकटी होती.

त्या दोघांवरचा खटला साक्षीला यायला तीन वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी साळूबाई वेळेवर आली, व्हरांड्यात राजनंदिनीजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "वकीलबाई, मी न्हाई सांगनार. माझं लेकरू जितं हाय."

राजनंदिनीला आधी वाटलं, आरोपींनी धमकावलं असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. धमकीवर इलाज असतो. पण साळूबाईचा चेहरा घाबरलेल्या माणसाचा नव्हता. तो उजळला होता. वर्षभर ती दर गुरुवारी शेडमध्ये जात होती आणि महाराजांनी पाटीवर लिहून दिलं होतं: 'एकुलता. जिवंत. दक्षिणेला. मेला म्हणू नको.' तेव्हापासून ती रोज संध्याकाळी एक भाकरी त्याच्या नावानं झाकून ठेवत होती. त्याचं यंदाचं श्राद्धसुद्धा तिनं होऊ दिलं नव्हतं.

"मावशी, करदोटा तुम्हीच ओळखला होता ना?"

"तवा माझं डोकं ठिकान्यावर नव्हतं. आन् शपथंवर मेला म्हनलं की तो खरंच मरंल. तुमी आई आसता तर बोलला आसता का तसं?"

त्या दिवशी आरोपींचे वकील आजारी निघाले आणि पुढच्या शुक्रवारची तारीख पडली. एवढ्या वर्षांच्या वकिलीत तारीख पडल्याचा तिला पहिल्यांदाच आनंद झाला.

मधल्या गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ती अंगावरच्या काळ्या कोटासकट शेडमध्ये शिरली. सरकारी वकीलबाई दर्शनाला आल्या म्हटल्यावर वैजनाथला आकाश ठेंगणं झालं. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मायेनं अडचण विचारली. राजनंदिनीनं मान खाली घालून सांगितलं, की तिचा थोरला भाऊ घर सोडून गेला, त्याला सात वर्षं झाली. वैजनाथ हळहळला आणि नंबर लागेपर्यंत बसा म्हणाला. साळूबाई पुढच्या रांगेत बसली होती. तिनं वळून पाहिलं आणि ओळखीचं हसली.

राजनंदिनी शालीपासून हातभर अंतरावर बसली. पहिले दोन-तीन भक्त झाले आणि तिला उगाचच आपल्या वडिलांची आठवण यायला लागली. का येते, ते लवकर कळेना. तिचे वडील सहादेव घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर बाजारात जायची. बैलाचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. दलाल गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली घेतो; एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा धरून वर दोन बोटं दाबली की सात. चार माणसं भोवती उभी असतात, पण भाव दोघांतच राहतो. आणि हे चालू असताना दलालाचं तोंड आभाळाकडं, गप्पा पाऊसपाण्याच्या. सहादेव लेकीला सांगायचे, "पोरी, उपरन्याकडं बघू नको. ते झाकायलाच आसतं. कोपर बघ. कोपराला लपवता येत न्हाई."

तिनं वैजनाथचं कोपर पाहिलं.

तोंड पत्र्याकडं, गळ्यात नामस्मरण आणि कोपर मात्र भर बाजारातलं. पुढच्या तासाभरात तिनं सगळा हिशेब लावला. मनगट आवळलं की पाटीवर लग्न उमटायचं, करंगळी दाबली की जमीन, अंगठा ओढला की घर सोडून गेलेलं माणूस. त्यामागून आकडे. वैजनाथ सकाळपासून कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर का बसतो, नंबर लागेपर्यंत लोकांशी मायेनं का बोलतो, हेही त्यातच आलं. लोक आपलं दुःख त्याला सांगत होते आणि तेच दुःख पाटीवर वाचून चकित होत होते. राजनंदिनीला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. तिच्या बापानं याच बोटांवर तिला वकील केलं होतं.

तिचा नंबर आला. शाल पडली. वैजनाथचं कोपर मागं गेलं, म्हणजे अंगठा. मग पंजा, मग दोन. महाराजांनी लिहिलं: 'भाऊ. सात वर्षं. जिवंत. दक्षिणेला.' एका पोरसवद्या भक्तानं ते मोठ्यानं वाचलं आणि शेडमध्ये जयजयकार झाला. सरकारी वकिलालासुद्धा प्रचिती आली, आता काय राहिलं? साळूबाई उठून पुढं आली, तिनं राजनंदिनीचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमचाबी येनार, वकीलबाई. दोघंबी येत्याल बगा. दक्षिनेला संगटच आसत्याल."

राजनंदिनी वर्षानुवर्षं उलटतपास ऐकत आणि करत आली होती. कुठं थांबावं आणि कुठं घाव घालावा हे तिला कळायचं. त्या क्षणी थांबावं असं तिला फार वाटलं. पण उद्या शुक्रवार होता, आणि त्या विहिरीत एक पोरगा तीन महिने पडून होता.

"मला भाऊ नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कधीच नव्हता. मी एकुलती एक आहे. मी वैजनाथला खोटं सांगितलं आणि तेच पाटीवर आलं."

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. वैजनाथ मात्र कसलेला गडी. तो उठून गर्दीकडं वळला आणि हसत म्हणाला, की म्याडमना ठाऊक नसंल, पर बापाचं कुठं काय आसतं ते लेकीला कोन सांगतं? महाराजांना दिसलं ते दिसलं. लोक हसले. मेलेल्या सहादेववर लोक हसले, आणि राजनंदिनीचा उरलासुरला संकोच संपला.

वैजनाथची अजून महाराजांकडं पाठ होती. महाराज पट्टी बांधून, कानात मेण घालून, पुढच्या भक्ताची वाट बघत बसले होते. त्यांच्या कानावर यातलं अक्षर गेलं नव्हतं; मेण खरंच पक्कं होतं. राजनंदिनी वैजनाथच्या जागेवर बसली, तिनं साळूबाईला शेजारी ओढून तिचा हात एका हातात घेतला आणि शालीखाली महाराजांचा हात धरला. मनगट आवळलं. मग दोन बोटं दाबली. वैजनाथ वळून धावेपर्यंत खडू पाटीवर चालायला लागला होता. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वैजनाथला दंडाला धरून थांबवलं. आता त्यांनाही बघायचं होतं.

महाराजांनी लिहिलं आणि पाटी नेहमीसारखी वर धरली. या वेळी ती कुणी मोठ्यानं वाचली नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. साळूबाईला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं. "समर्थचं काय लिवलंय? सांगा की कुनीतरी."

ज्याचं त्याचं बघणं जमिनीकडं. शेवटी राजनंदिनीलाच वाचावं लागलं.

"मावशी, लिहिलंय, 'लेकीचं लग्न. दोन महिन्यांत जमेल.'"

साळूबाई पाटीकडं बघत राहिली. एवढं वर्षभर तिनं त्याच पाटीला कुंकू लावलं होतं. तिला लेक नव्हती. तिनं पुन्हा एकदा पाटीकडं पाहिलं, मग शालीकडं, मग राजनंदिनीच्या हाताकडं, जो अजून महाराजांच्या हातात होता. राजनंदिनीनं शाल बाजूला सारली आणि बाजारातली खूण सगळ्यांना दाखवली. बाजार बघितलेली चार म्हातारी माणसं होती, त्यांनी लगेच माना हलवल्या. महाराजांनी एव्हाना स्वतःच पट्टी काढली होती आणि बारा वर्षांचं मौन मोडून ते वैजनाथला शिव्या देत होते. आता गर्दीलाही कंठ फुटला, कुणी पाटी फोडली, कुणी पोलिसांना फोन लावला. या सगळ्या गोंधळात साळूबाई तिथंच बसून होती.

"मंग माझा समर्थ..." ती म्हणाली.

राजनंदिनीनं तिच्या हातावर हात ठेवला. साळूबाईनं तो बाजूला सारला.

"तुमी लई वाईट केलं, वकीलबाई. एक डाव त्या दोघांनी मारला. आज तुमी मारला." आणि ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि एकटी एसटी स्टँडकडं चालायला लागली. राजनंदिनीनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली फिर्याद दिली, जबाब दिला, सह्या केल्या. लोकांनी तिची पाठ थोपटली. तिला मात्र गाडीत बसल्यावर रडू आवरेना. खोटं उघडं पाडणं सोपं असतं, पण त्या खोट्यावर कुणी जगत असेल तर ते उघडं पाडताना आपलाही हात भाजतो.

शुक्रवारी ती साळूबाईची अपेक्षा न ठेवताच कोर्टात गेली. पुकारा झाला. साळूबाई व्हरांड्याच्या टोकाला उभी होती, ती आत आली आणि पिंजऱ्यात चढली. तिनं शपथ घेतली. मुद्देमालाचं पाकीट उघडलं. राजनंदिनीनं करदोटा पुढं केला आणि विचारायचं तेच विचारलं, हा कुणाचा आहे म्हणून.

साळूबाईनं तो हातात घेतला, पैशावरून अंगठा फिरवला. "माझ्या समर्थचा. मी वळलेला. हिरीत सापडला तो माझाच लेक. माझा लेक मेला हाय, साहेब."

टाइप करणाऱ्यानं ते शब्द उतरवून घेतले. मग आरोपींचे वकील उलटतपासाला उभे राहिले. सरकारी वकीलबाईंनी तुम्हाला काल शेडमध्ये गाठून पढवलं, असं त्यांनी सुचवलं. साळूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. "मी माझ्या पायानं गेल्ते. साक्षीचं मला त्या कायबी बोलल्या न्हाईत. त्यांनी म्हाराजाला पढवलं, आन् त्यो पढला." त्यावर ते वकील खाली बसले. साक्ष संपल्यावर साळूबाईनं करदोटा घरी नेऊ का म्हणून विचारलं. तो कोर्टाचा मुद्देमाल होता, देता येत नव्हता. हेही राजनंदिनीलाच सांगावं लागलं.

आरोपींनी महाराजांना हाताशी धरलं होतं का, ते कधी सिद्ध झालं नाही. खरं तर त्याची गरजही नव्हती. आशा हा असा माल आहे की तो फुकट देता येतो आणि गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं. शेडला कुलूप लागलं, तरी पुढच्या गुरुवारी काही माणसं कुलपाला हात जोडून गेलीच. त्यांना हसू नये. त्यांना एवढंच सांगावं, की बाबांनो, देवाला माना नाही तर मानू नका, पण जो तुम्हाला हवं तेच सांगतो त्याला एकदा एखादी खोटी गोष्ट सांगून बघा. खोट्यालाही त्यानं मान डोलावली तर खऱ्यालाही ती तशीच डोलावली होती, हे ओळखा. एवढी परीक्षा आपण बैल घेतानासुद्धा करतो. दात बघितल्याशिवाय कुणी विसाराची रक्कम देत नाही.

समर्थचं राहिलेलं श्राद्ध साळूबाईनं त्यानंतर घातलं आणि राजनंदिनीला निरोप धाडला. साक्ष संपली होती, जायला हरकत नव्हती. पण आपलं तोंड कसं दाखवायचं, या विचारानं ती दारातच घुटमळली. साळूबाईनं काही न बोलता तिला आत घेतलं. पत्र्यावर कावळ्यासाठी घास ठेवला होता, त्यात आठवणीनं समर्थच्या आवडीचं वांग्याचं भरीत होतं. कावळा येईना. ऊन चढलं, जेवणारे ताटकळले. समर्थचे चुलते भागवत पुढं आले आणि राजनंदिनीला म्हणाले, "वकीलबाई, पोराचा जीव आडकलाय. त्या दोघांना शिक्षा व्हनार म्हनून तुमी शब्द द्या. मंग कावळा शिवंल."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. होईल म्हणून सांगायला काय जात होतं? दोन शब्द, आणि त्या घराला तेवढंच बरं वाटलं असतं. पण निकाल अजून लागायचा होता आणि तो तिच्या हातात नव्हता. "मी शब्द देऊ शकत नाही, काका," ती कशीबशी म्हणाली. "मला माहीत नाही."

भागवत काही बोलणार, तेवढ्यात साळूबाई मध्ये आली. "त्यांना खोटं बोलाया लावू नका, भावजी. वरीसभर लई गोड ऐकलं मी." तिनं शिडीवर चढून घास खाली घेतला. "कावळ्याला भूक नसंल. त्येची वाट बगून मानसं उपाशी कशाला ठिवायची? माझं लेकरू कुठं आडकलं न्हाई. ते गेलं."

मग तिनं तो घास अंगणातल्या कुत्रीपुढं ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि पंगत वाढायला घेतली. आदल्या संध्याकाळी सवयीनं समर्थच्या नावानं झाकून ठेवलेली भाकरी त्या दिवशी तिनं राजनंदिनीच्या ताटात वाढली.